मंद गतीचे तर्कशास्त्र

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनाविषयी लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु तर्कशास्त्राच्या तासाला जॉन स्टुअर्ट मिलच्या कारणशोधाच्या पाच पद्धती शिकताना, यांचा व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो. मिलचा तो ग्रंथ १८४३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा मोटारसायकल जन्मालाही आली नव्हती. तरीही 'स्लो'ला बंद पडणाऱ्या माझ्या जुन्या गाडीचे दुखणे मला याच पद्धतींनी सापडले. तो विचारक्रम येथे मांडतो.

गाडी शंभर सीसीची, चार स्ट्रोकची, २०१६ सालची. दुसऱ्या मालकाकडून माझ्याकडे आलेली. आमचे गाव कॉलेजपासून १६ किलोमीटर. संध्याकाळची एस.टी. ग्रंथालय बंद होण्यापूर्वीच सुटते आणि अकरावीतली धाकटी बहीण माझ्याच मागे बसून येते. गाडी वेगात उत्तम चाले. पण रेल्वे फाटकाच्या चढावर क्लच दाबून थांबलो, की इंजिन गप्प. "असल्या गाडीवर पोरीला पाठवायची नाही," असे आई म्हणू लागली. तेव्हा प्रश्न माझ्या सोयीपुरता राहिला नाही, बहिणीच्या शिक्षणाचा झाला. एका गॅरेजात स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. दुसऱ्यात नवा कार्बोरेटर टाकायला सांगितले. पहिल्या उपायाने लक्षण झाकले गेले, पेट्रोल मात्र जास्त जळू लागले आणि गिअर टाकताना खटका बसू लागला. दुसऱ्यात कारण न शोधताच खिसा रिकामा होणार होता.

आता थोडे इंजिनाविषयी. अशी गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेरे घेते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे मिनिटाला ७०० स्फोट, सेकंदाला जवळजवळ बारा. या वेळी ॲक्सिलेटर मिटलेला असल्याने कार्बोरेटरचा मोठा जेट जवळजवळ कामच करीत नाही. सारे पेट्रोल येते ते स्लो जेटच्या छिद्रातून, आणि ते छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. वेगात असताना एखादा स्फोट चुकला तर इंजिन आपल्या जोरावर तो पचवते. मंद गतीत तेवढा जोर शिल्लक नसतो. म्हणून जो दोष वेगात लपतो, तो स्लोला उघडा पडतो.

मंद गती बिघडण्याची कारणे अनेक आहेत: पेट्रोल कमी किंवा जास्त येणे, मध्येच कुठून तरी हवा शिरणे, ठिणगी अशक्त असणे, व्हॉल्व्ह नीट न मिटणे. तर्कशास्त्रात यालाच बहुकारणता म्हणतात. कार्य एकच दिसते, पण कारण दर वेळी तेच असेल असे नाही. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीला लागू पडलेला उपाय आपल्या गाडीला लागू पडेलच असे नाही.

पहिली पायरी अन्वय पद्धतीची. गाडी जेव्हा जेव्हा बंद पडते, तेव्हा समान काय असते, ते आठ दिवस वहीत टिपावे. केवळ तापल्यावरच बंद पडत असेल, तर टॅपेट फार घट्ट असण्याचा संशय घ्यावा. तेथील फट केसाच्या जाडीएवढीच असते आणि ती नाहीशी झाली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. हँडल वळवताच रेस वाढत असेल, तर ॲक्सिलेटरची केबल ताणली जात आहे. माझ्या वहीत गार-गरम, दिवस-रात्र असा भेद दिसला नाही. समान होती ती फक्त मंद गती.

दुसरी पायरी व्यतिरेक पद्धतीची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची. इंजिन चांगले तापल्यावर चोक अर्धा ओढावा. इंजिन सुधारले तर पेट्रोल कमी पडत आहे, आणखी गुदमरले तर पेट्रोल जास्त होत आहे. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान होते. येथे सायलेन्सरच्या काळ्या धुरावरून जास्त पेट्रोलाचे होते. प्लगही साक्ष देतो: कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका रंग म्हणजे कमी, फिकट तपकिरी म्हणजे योग्य. माझी गाडी चोक ओढताच सुधारली आणि प्लग पांढुरका निघाला.

पेट्रोल कमी पडण्याची दोन कारणे उरली: जेट तुंबणे किंवा कार्बोरेटर व इंजिन यांच्या सांध्यातून हवा शिरणे. ही अवशेष पद्धती. सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडले. आवाजात फरक पडला नाही. (तेथे पेट्रोल कधीही शिंपडू नये. इंजिन उघड्या जागेतच चालू ठेवावे. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.) मग इंजिन निवल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाशी पाण्याचे थेंब आणि तांबूस गंज. स्लो जेटमधून उजेड दिसेना. तार घातली तर छिद्र मोठे होते, म्हणून पंक्चरच्या दुकानात हवेच्या दाबाने तो साफ करून घेतला. गाडी शांतपणे स्लोला उभी राहिली.

पण येथे थांबलो असतो तर शोध अर्धाच राहिला असता. तुंबलेला जेट हे कारण खरे, पण पाणी आणि गंज आले कोठून? टाकीच्या झाकणाचे रबर चिरले होते आणि पावसाचे पाणी आत झिरपत होते. शिवाय हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी ओढून घेते. टाकी धुतली, रबर आणि पेट्रोलचा फिल्टर बदलला. दोन्ही वस्तूंना मिळून दीडशे रुपयेही लागले नाहीत.

शेवटची जुळवणी सहचारी परिवर्तनाच्या पद्धतीने केली. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवीत आवाज ऐकायचा; इंजिन जेथे सर्वांत जलद आणि सलग चालते, तेथे थांबायचे आणि मग स्लो स्पीडच्या स्क्रूने रेस योग्य तेवढी उतरवायची. हा मिश्रणाचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्याने पेट्रोलाचे प्रमाण वाढते, इंजिनच्या बाजूला असेल तर घटते; एवढे आधी पाहून घ्यावे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तरी जुन्या बाजारात विद्यार्थ्यांच्या ऐपतीत बसणाऱ्या गाड्या बहुधा कार्बोरेटरच्याच असतात. अशी गाडी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझे सांगणे एवढेच, की पान्याआधी वही काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते लिहा. प्लग, फिल्टर आणि कार्बोरेटर एकाच दिवशी बदलले तर गाडी सुधारेलही. पण ती का सुधारली हे कळणार नाही, आणि पुढच्या बिघाडाला पुन्हा सारे पैसे मोजावे लागतील.