पाहुण्या कुत्र्याची तजवीज

वाई

चि. बाबी,

तुझे पत्र पोचले. शहराबाहेरच्या त्या निवाऱ्यात अहोरात्र ओल्या फरशीवर उभे राहून ज्याच्या पंजांची कातडी सोलवटली आहे, आणि पिलूपणी बांधलेली सुतळी कोणी सैल करण्याची तसदी न घेतल्यामुळे तिचा वळ ज्याच्या मानेत रुतून बसला आहे, अशा त्या तांबूस कुत्र्यास तू घरी आणलेस, हे वाचून तुझ्या हिमतीचे कौतुक वाटले. परंतु पत्राचा बहुतेक भाग तू निवाऱ्याच्या चालकांना दूषणे देण्यात खर्ची घातलास आणि कुत्र्याने काल काय खाल्ले याविषयी एक ओळही लिहिली नाहीस, हे पाहून ज्याची सारी नोकरी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात झाली त्या तुझ्या मामास लेखणी हाती घेणे भाग पडले.

अन्नाचे आधी सांगतो, कारण उपाशी जनावर दयाळू माणसाच्या हातून दगावते ते पुष्कळदा अन्नानेच. दीर्घकाळ उपासमार झालेल्या देहात एकाएकी पोटभर अन्न, त्यातही दूधभात किंवा गूळपोळी यांसारखे गोड आणि पिष्टमय अन्न गेले, म्हणजे रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि प्रसंगी हृदय दगा देते. म्हणून तुझ्या डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाण दिवसातून पाच-सहा वेळा, वाटीवाटीने, ठरल्या वेळी दे, आणि तो अधाशासारखा पाहू लागला तरी मन घट्ट कर. कांद्याची फोडणी दिलेली आमटी त्याला विष आहे. घरातील तापाची गोळी तर दृष्टीसही पडू देऊ नकोस.

दुसरी गोष्ट विलगतेची. घरात आपला म्हातारा मोती आहे, त्याच्यापासून निदान दोन आठवडे या पाहुण्यास दूर ठेव. भांडी, अंथरूण, साखळी सारे निराळे. गोचिडांच्या तापाकरिता रक्त तपासून घे. जिथे गर्दी आणि अस्वच्छता एकत्र नांदतात तिथून येणारे जनावर डिस्टेंपर अथवा पार्व्हो यांचे बीज घेऊन आले असण्याचा संभव गृहीतच धरावा लागतो, आणि पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो; त्याला आपले नित्याचे फिनेल पुरे पडत नाही, फरशी आधी धुऊन मग एकास तीस या प्रमाणात पाणी घातलेले ब्लीच दहा मिनिटे तसेच राहू द्यावे लागते. कुत्र्याचा दात तुला लागलाच, तर शेजारपाजारचे लोक सुचवतील ते तिखट किंवा चुना जखमेवर न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धू, आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठ.

तो दिवाणाखालून बाहेर येत नाही म्हणून तुझ्या मनाला लागले आहे. येऊ नये हेच स्वाभाविक आहे. भुंकण्याच्या कल्लोळात ज्याला एकांत कधी लाभला नाही त्याला एक कोपरा मिळाला, तर तो कोपरा काही दिवस त्याचाच असू दे. तू त्याच खोलीत, त्याच्याकडे पाठ करून, आपले वाचन करीत बस. त्याला ओढून मांडीवर घेण्याची जी ऊर्मी येते ती बहुधा आपल्याच समाधानाकरिता असते, हे मामाने स्पष्ट लिहिले म्हणून रागावू नकोस.

आता त्या निवाऱ्याविषयी. ज्या संस्थेवर तू इतकी संतापली आहेस तिचा प्रारंभही, तुझ्यासारख्याच कोणाच्या तरी कणवेतून झाला असावा. मुंबईत 1832 साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी मंडळी खवळली आणि दंगा झाला, आणि पुढे 1834 साली जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या औदार्यातून तेथे पांजरपोळ उभी राहिली. जनावरांना आश्रय देणाऱ्या आपल्याकडील संस्थांची मुळे अशी करुणेत आहेत. परंतु करुणेला आवक रोखता येत नाही. रात्री फाटकाला कोणी पिलू बांधून जातो, त्याला नाही म्हणवत नाही. वर्गणीदार नव्या पिलाच्या छायाचित्राला द्रव्य देतात, झाडलोट करणाऱ्याच्या पगाराला देत नाहीत. तो माणूस सोडून जातो, पाणी बदलावयाचे राहते, आणि जावक मुळीच नसल्यामुळे एका पिंजऱ्यात चार जनावरे कोंबली जातात. हयगयीची सुरुवात अशी होते. यात चालकांची सुटका नाही. पण तुझ्या घराचाही असाच कोंडवाडा होऊ शकतो, एवढे ध्यानात घे.

तक्रार अवश्य कर, मागे राहिलेल्या जनावरांसाठी कर. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या तिसऱ्या कलमान्वये ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याच्या क्षेमाची जबाबदारी आहे, आणि अन्न, पाणी, निवारा पुरेसा न देणे हा अकराव्या कलमाखाली अपराध आहे. पहिल्या अपराधाचा दंड तेवढा 10 ते 50 रुपये, म्हणजे एका वेळच्या चहापाण्याचा खर्च! म्हणून दंडावर भिस्त न ठेवता जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीने पाहणी करावी, एवढेच माग. अर्ज कसा असावा हे सरमेकडून शिकावे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या भावांनी तिच्या पिलास यज्ञमंडपातून मारून हाकलले, तेव्हा त्या देवशुनीने सत्रात येऊन एवढेच विचारले, की माझ्या मुलाने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही, मग त्याला मारले का? त्या प्रश्नास राजकुलातील कोणालाही उत्तर देता आले नाही.

आणि त्याच्या ताब्याची लेखी पावती निवाऱ्याकडून सहीनिशी घेऊन ठेव, नाहीतर उद्या तुझ्यावरच चोरीचा आळ यावयाचा. लसी, औषधे, वजन यांची वही आजपासून घाल. हीच वही पुढे ज्या कुटुंबात तो जाईल त्यांच्या हाती द्यावयाची आहे. कारण तो जाणार आहे. तू त्याची सांभाळकर्ती आहेस, धनीण नव्हेस. त्याला माणसाची सवय झाली, जखमा भरल्या, की घर पाहून, चार प्रश्न विचारून, नसबंदी करूनच त्याची पाठवणी कर, आणि तो जाईपर्यंत कोणी कितीही केविलवाणे छायाचित्र पाठवले तरी दुसरे कुत्रे घरात घेऊ नकोस. ‘हा फार लळा लावून बसला, हा राहू दे’ असे तू म्हणशील, तेव्हा ताईला मला कळवावयास सांगितले आहे.

अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे. तारखा आणि पिंजऱ्यांचा तपशील तेवढा तू भर, विशेषणे घालू नकोस. पंजांवरची मलमपट्टी रोज बदलतेस की नाही, आणि काल त्याने काय खाल्ले, ते उलटटपाली कळव.

तुझा,
मामा