दूध टाकणारे बाळ आणि डब्याचे दूध

वरच्या दुधावर असलेले तान्हे बाळ वारंवार दूध टाकू लागले की घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो डब्याविषयी. हा डबा मानवत नसेल तर दुसरा कोणता आणावा? शेजारीण एक नाव सुचविते, औषधविक्रेता दुसरे, आणि महिनाभरात फडताळात चार अर्धवट डबे जमा होतात. बाळाचे दूध टाकणे मात्र थांबत नाही. याचे कारण असे की, अशा बहुतेक बाळांच्या बाबतीत दोष डब्यातील दुधाचा नसतो. आणि ज्या थोड्या बाळांच्या बाबतीत तो असतो, त्यांना योग्य डबा कोणता हे अंदाजाने सापडत नाही.

चंडीगढसारख्या शहराचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असलेल्या या आखीव शहरात सरकारी नोकरीतील लहान कुटुंबांची वस्ती मोठी आहे. बाळंतपणासाठी गावाहून आलेल्या आजीच्या लेखी दूध म्हणजे म्हशीचे दूध, आणि अंगाने भरलेले बाळ हीच आरोग्याची खूण. या शहराच्या सेक्टर १२ मध्ये १९६२ साली स्थापन झालेली पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था आहे. ‘पीजीआय’ या नावाने ती सर्वांना ठाऊक आहे. पंजाब, हरियाणा व हिमाचल प्रदेशातील आजारी मुले तेथे आणली जातात. परंतु दूध टाकणाऱ्या प्रत्येक बाळाला एवढ्या मोठ्या रुग्णालयाची पायरी चढावी लागते असे नाही. कोणाला चढावी लागते, हे ओळखणे महत्त्वाचे.

नमुन्यादाखल असे एक बाळ घेऊ. जन्मतः त्याचे वजन २८०० ग्रॅम होते. सहा आठवड्यांनी ते ४००० ग्रॅम भरले. आईचे दूध पुरत नाही या समजुतीने चौथ्या आठवड्यात डबा सुरू झाला. आता ते दर वेळी दूध पिऊन झाले की थोडे टाकते, कधी नाकातूनही येते. घरातील मंडळी घाबरलेली आहेत. बाळ मात्र दूध टाकून झाल्यावर हसते, हातपाय झाडते आणि दिवसातून सहा-सात लंगोट ओले करते.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, ही मोठी सोय होय. बाळाने ‘गुळणी टाकली’ आणि बाळाला ‘ओकारी झाली’ यांत आजीबाई फरक करीत आल्या आहेत, आणि वैद्यकशास्त्रही नेमका हाच फरक करते. गुळणीत दूध कसलाही जोर न लागता ओठांवाटे ओघळते. ओकारीत पोटाचे स्नायू आवळले जातात, बाळ कासावीस होते. दवाखान्यात मात्र दोहोंना ‘उलटी’ हा एकच शब्द वापरला जातो, आणि तेथूनच पुष्कळ गैरसमज सुरू होतात.

गुळणीचे कारण शरीररचनेत आहे. अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे एक वर्तुळाकार स्नायू असतो. जठरातील अन्न वर येऊ नये म्हणून तो आवळलेला राहतो. तान्ह्या बाळात हा स्नायू वरचेवर सैलावतो. त्यात बाळाचा आहार सर्वस्वी पातळ आणि त्याचा बहुतेक वेळ आडवे पडून जाणारा. चार महिन्यांच्या सुमारास निम्म्याहून अधिक बाळे रोज गुळणी टाकतात. पुढे बाळ बसू लागते, घट्ट अन्न खाऊ लागते, आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचा हा त्रास आपोआप नाहीसा होतो. आपल्या नमुन्याच्या बाळाचे वजन बेचाळीस दिवसांत १२०० ग्रॅमने, म्हणजे रोज सुमारे २८ ग्रॅमने वाढले आहे. पहिल्या तीन महिन्यांत रोजची २५ ते ३० ग्रॅम वाढ समाधानकारक मानली जाते. दूध टाकूनही जे बाळ अशा रीतीने बाळसे धरते, त्याच्या पोटात पुरेसे दूध राहत आहे, हे उघड आहे.

मग करावे काय? प्रथम हिशेब करावा. डब्याच्या दुधावरील बाळाला पहिल्या काही महिन्यांत दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर दूध लागते. चार किलोच्या बाळाला ६०० मिलिलिटर; आठ वेळांत विभागले तर दर खेपेस ७५. आता घरात प्रत्यक्ष काय चालते ते पाहावे. बाटली १२० मिलिलिटरची भरली जाते, आणि तळाशी उरलेले दूध ‘टाकून कसे द्यायचे’ म्हणून बाळाला आग्रहाने पाजले जाते. आठ खेपांचे हे ९६० मिलिलिटर झाले. जठरात न मावणारे दूध बाळ परत करते. त्यात त्या बिचाऱ्या डब्याचा काय अपराध? दुधाचे प्रमाण कमी करून खेपा वाढविणे, मध्येच थांबून ढेकर काढणे, पाजल्यानंतर वीस-तीस मिनिटे बाळाला खांद्याशी उभे धरणे, एवढ्याने पुष्कळांचा त्रास निम्म्यावर येतो. झोपविताना मात्र बाळाला पाठीवरच निजवावे. गुळणीच्या भीतीने पालथे घालणे धोक्याचे असते.

त्यानंतर दूध कालविण्याची रीत तपासावी. बहुतेक डब्यांत ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असे प्रमाण असते. चमचा त्याच डब्यातला हवा. एका डब्याचा चमचा दुसऱ्यात चालत नाही. शीग लावून भरलेल्या चमच्याने दूध दाट होते आणि बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. काटकसरीने पाणी वाढविले तर बाळ उपाशी राहते. भुकटी निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून, ते पुरते निवण्यापूर्वी, निदान ७० अंश सेल्सिअस तापमान असताना त्यात ती मिसळावी आणि मग दूध निववून पाजावे. चंडीगढच्या मे-जूनच्या उन्हाळ्यात उरलेले दूध तासाभरानंतर पुन्हा देणे म्हणजे जुलाबाला आमंत्रण होय.

म्हशीच्या दुधाविषयी येथेच सांगणे बरे. त्यात प्रथिने मातेच्या दुधाच्या तिपटीहून अधिक असतात आणि स्निग्धांशही बराच जास्त असतो. १९५० नंतरच्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी भुकटी बनविण्याची रीत शोधली, आणि पुढे आणंदच्या सहकारी दूध संघाने तिचे उत्पादन केले. त्या रीतीत दुधाची घटना मुळातच बदलावी लागते. घरी पाणी व साखर घालून तो परिणाम साधत नाही.

आता डबे बदलण्याचा विचार. साध्या डब्यांची नावे वेगळी असली तरी घटना जवळजवळ सारखीच असते. एक सोडून दुसरा घेतल्याने सहसा काही साधत नाही. घट्ट केलेल्या दुधाचे डबेही मिळतात. त्यांत तांदळाचे पिष्ट किंवा कॅरोब झाडाच्या बियांचा डिंक असतो. त्यांनी दिसणारी गुळणी कमी होते, परंतु आम्ल वर येणे विशेष कमी होत नाही. दुग्धशर्करारहित डबा हा ओकारीवरचा उपाय नव्हे. दुग्धशर्करा जन्मतःच न पचणारी बाळे अत्यंत विरळ.

खरा प्रश्न असतो तो गाईच्या दुधातील प्रथिनांच्या वावड्याचा. दूध टाकण्याबरोबर शौचात रक्त किंवा आव दिसणे, अंगावर इसब उठणे, वजन खुंटणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी शेळीच्या किंवा म्हशीच्या दुधाकडे वळणे व्यर्थ होय, कारण ही प्रथिने परस्परांशी फार मिळतीजुळती असतात. सोयाबीनचे दूध सहा महिन्यांच्या आत सहसा देत नाहीत. प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली भुकटी दोन ते चार आठवडे देऊन पाहतात. तिची किंमत साध्या डब्याच्या कितीतरी पट असते. म्हणूनच बाळ सुधारल्यावर साधे दूध पुन्हा एकदा डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊन निदान पडताळतात. ही दुसरी पायरी गाळली तर वावडे नसलेल्या बाळावरही महिनोन्‌महिने हा खर्च होत राहतो.

काही ओकाऱ्यांना मात्र थांबण्यास वेळ नसतो. तीन ते सहा आठवड्यांचे, बहुधा मुलगा असलेले बाळ दर खेपेस पिचकारीसारखे दूध उडविते आणि लगेच पुन्हा भुकेने रडते, तेव्हा जठराच्या खालच्या दाराचा स्नायू जाड होऊन वाट बुजत असल्याचा संशय घ्यावा. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग या बालवैद्याने १८८८ मध्ये या विकाराचे स्पष्ट वर्णन केले, आणि जर्मन शल्यचिकित्सक राम्श्टेट याने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया आजही केली जाते. तिने बाळ पूर्ण बरे होते. डबे बदलीत बसल्यास ते सुकत जाते. हिरवी ओकारी तर कोणत्याही वयात आतड्याला पीळ पडल्याची खूण समजून त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. ताप, टाळू खोल जाणे किंवा फुगणे, लघवी कमी होणे, ओकारीत रक्त, बाळाचे मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसले तरी तेच.

आणि आईचे दूध? ते थोडेही येत असेल तर गुळणीसाठी तोडू नये. आपल्या नमुन्याच्या बाळाचे वजन चौथ्या आठवड्यापूर्वीही चांगले वाढत होते, म्हणजे दूध पुरत होते. बाळाला वरचेवर पाजावयास घेतले आणि डब्याच्या खेपा हळूहळू कमी केल्या, तर आटत चाललेले दूध पुष्कळदा पुन्हा वाढते. १९९२ च्या कायद्याने भारतात डब्याच्या दुधाच्या जाहिरातीस आणि डब्यावर बाळाचे चित्र छापण्यास बंदी घातली आहे. डब्यावर मातेच्या दुधाची श्रेष्ठता सांगणारी सूचना छापणेही त्याच कायद्याने सक्तीचे केले आहे. डॉक्टरांकडे जाताना वापरात असलेला डबा, त्यातला चमचा, बाळाच्या वजनांची नोंद आणि मागील चोवीस तासांत किती वाजता किती दूध पाजले याचे टिपण बरोबर न्यावे.