पायरी उतरणारं गिऱ्हाईक

बार्शी,
२ ऑगस्ट

चि. मुक्ता हिस,


परवा फोनवर तू मिक्सरचं सांगितलंस. "मामा, ७,९९९ चा मिक्सर २,९९९ ला! ६२ टक्के सूट!" तुझा आवाज इतका खुशीत होता की मी नुसतं "वा, वा" म्हणून फोन ठेवला. पण चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात गादीवर बसलेल्या माणसाला रात्री झोप लागेना. उठलो, चष्मा शोधला आणि किमतीचा जुना इतिहास दाखवणाऱ्या एका साइटवर त्याच मिक्सरची लिंक टाकली. (ही युक्ती तुझ्या मामेभावाने शिकवली. तो मला बाकी काही शिकवत नाही.) वर्षभराची रेघ समोर आली. सबंध वर्षात तो मिक्सर ७,९९९ ला एक दिवससुद्धा विकायला नव्हता. बहुतेक दिवस ३,१००-३,२०० आणि मे महिन्यात चार दिवस तर २,७४९. म्हणजे तुला सुटले ते शे-दोनशे रुपये.

मिक्सर चांगला आहे, परत करू नकोस. पण पाच हजार वाचले या आनंदात तू त्याच रात्री आणखी हजार-बाराशेचं काहीबाही मागवलंस, हे तुझ्या आईने मला सांगितलंय. ते "काहीबाही" मला जास्त खुपलं. नवी नोकरी, भाड्याचं घर, पुण्यासारखं शहर. पहिल्या वर्षात पैसे कुठून गळतात ते कळतच नाही. म्हणून हे पत्र.

एमआरपीचं आधी सांगतो. छापलेल्या एमआरपीच्या वर पैसे घ्यायचे नाहीत असा कायदा आहे. पण ती किती छापायची ते कंपनीच ठरवते. तेव्हा पडद्यावर जो आकडा आडवी रेघ मारून दाखवतात, त्याकडे बघायचंच नाही. ही वस्तू गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष कितीला विकली जात होती, एवढंच बघायचं. 'कीपा' आणि 'बायहटके' यांसारख्या साइट हेच दाखवतात. दिवाळीच्या सेलमध्ये काही घ्यायचं असेल तर त्याचा भाव आत्ता ऑगस्टमध्येच वहीत लिहून ठेव. मग नवरात्राच्या सुमारास जाहिरातींचा पाऊस पडेल तेव्हा तुझ्या हातात स्वतःचा आकडा असेल.

हे सगळं मला इतक्या खात्रीने का सांगता येतं? कारण मी स्वतः हे केलंय. आण्णांच्या माघारी दुकान माझ्याकडे आलं, त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवाळीची गोष्ट. ४८० च्या साड्या होत्या. मी चिठ्ठ्या बदलून ६०० केल्या आणि बाहेर पाटी लावली, "२० टक्के सूट". ६०० वर २० टक्के म्हणजे १२०. भाव पुन्हा ४८० च. मी एक पैसा सोडला नव्हता, आणि बायका एकीच्या जागी दोन-दोन घेऊन गेल्या. आण्णा असते तर त्यांनी पाटी काढून माझ्या डोक्यात घातली असती.

चिठ्ठ्यांवरून आठवलं. जुन्या दुकानांत कपड्याच्या चिठ्ठीवर विक्रीच्या भावाशेजारी दोन-तीन अक्षरं लिहिलेली असायची, ती तू लहानपणी बघितली असशील. तो कोड. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द किंवा शब्दांची जोडी घ्यायची. पहिलं अक्षर म्हणजे १, दुसरं २, असं करत दहावं म्हणजे शून्य. त्या अक्षरांत खरेदीची किंमत लिहायची. गिऱ्हाईक घासाघीस करत असताना कुठपर्यंत खाली यायचं ते गादीवरच्या माणसाला एका नजरेत कळायचं, गिऱ्हाइकाला मात्र नाही. आमच्या घरचा शब्द आजही आम्ही बाहेर सांगत नाही. किमतीचा इतिहास म्हणजे हा कोड नव्हे, खरेदीची किंमत त्यात दिसत नाही. पण दुकानदार किती खाली येऊ शकतो, एवढं त्यातून समजतं. आमच्या गिऱ्हाइकांना एवढंही कधी मिळालं नाही.

आता मुद्द्यावर येतो. घासाघीस बोलण्याने होत नाही. कितीही गोड बोला, भाव पडतो तो गिऱ्हाईक उठतं तेव्हा. पिशवी उचलली, "बघू पुढे" म्हणालं आणि दुकानाची पायरी उतरायला लागलं की आमच्या पोटात कालवाकालव व्हायची. पहिल्या पायरीवर आम्ही गप्प राहायचो. दुसरीवर हाक मारायचो, "ताई, या हो, तुमचं नाही माझं नाही." सगळा व्यापार त्या दोन पायऱ्यांवर चालायचा.

फोनवर घासाघीस करता येत नाही असं लोक म्हणतात. पण पायरी तिथेही उतरता येते. वस्तू कार्टमध्ये टाक आणि ॲप बंद कर. दोन रात्री जाऊ देत. पुष्कळदा मागून हाक येतेच, कुपन येतं, भाव उतरल्याचा निरोप येतो. नाही आला तरी बिघडत नाही, कारण दोन दिवसांनी निम्म्या वस्तू आपल्याला नकोशाच झालेल्या असतात. तुझ्या मामीने पाय चेपायचं यंत्र असंच कार्टमध्ये ठेवलं होतं. आठवड्याने मी विचारलं तर म्हणाली, "कसलं यंत्र?"

आणि तू पायरी उतरू नयेस म्हणूनच त्या पडद्यावर सगळी धडपड चाललेली असते. "फक्त २ शिल्लक." उलटं पळणारं घड्याळ. "आत्ता १४ जण ही वस्तू बघत आहेत." तू न मागितलेला विमा गुपचूप बिलात घातलेला. "नको" म्हणायचं बटण फिकट करड्या रंगात आणि त्यावर "नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत" असलं टोमणा मारणारं वाक्य. सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा फसव्या मांडणीला डार्क पॅटर्न म्हणतात, आणि त्याचे १३ प्रकार त्यांत नावानिशी दिलेत. खोटी घाई हा त्यातलाच एक. सूचना आहेत म्हणून प्रकार थांबलेत असं समजू नकोस. आमच्याकडेही "शेवटचा पीस, ताई" हे दिवसातून वीसदा व्हायचं आणि आत कपाटात त्याच रंगाच्या आठ साड्या असायच्या.

शेवटच्या पानावर पोचलीस की थांबून बिल वाच. वस्तूचा भाव कमी दाखवून पुढे डिलिव्हरी, हँडलिंग, प्लॅटफॉर्म फी असं एकेक चढवत नेतात. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्यांकडे हे फार. कोथिंबिरीची जुडी आणि दही मागवलंस तर त्यांच्या भावाइतकंच वरचं होतं. आणि "आणखी १८० रुपयांचं घ्या, डिलिव्हरी मोफत" असं आलं की ४० रुपये वाचवायला १८० घालवायचे का, एवढा हिशेब चौथीतलं पोरही करेल. आपण तेवढ्यापुरते चौथीच्या खाली जातो.

बँकेच्या कार्डावरची सूट चांगली असते, पण बारीक अक्षर वाच. "१० टक्के सूट" खाली "कमाल १,५०० रुपये" असतं. ४०,००० चा फ्रीज घेतलास तर ती सूट पावणेचार टक्के झाली. तरी १,५०० काही थोडे नाहीत, घे. फक्त १० टक्के मिळाले म्हणून मिरवू नकोस आणि त्या सुटीसाठी नवं क्रेडिट कार्ड काढू नकोस.

तू नवा फोन "नो कॉस्ट ईएमआय"वर घेणार म्हणतेस. त्याचा हिशेब मांडून दाखवतो. समज, फोन २४,००० चा, सहा हप्ते ४,००० चे. फुकट वाटतं. पण बँक व्याज सोडत नाही. १६ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज साधारण १,०८० होतं, तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी भावातून कमी करते आणि बँक ती व्याज म्हणून तुझ्याकडून घेते. इथवर बरोबरी. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुझा. म्हणजे १९५ रुपये. वर प्रोसेसिंग फी, १९९ धर, तिच्यावरही जीएसटी, झाले २३५. म्हणजे "नो कॉस्ट"ला ४३० रुपये लागले. शिवाय पुष्कळ कार्डांवर अशा खरेदीला पॉइंट देत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. हातात पैसे नसतील आणि फोनवाचून काम अडत असेल तर ४३० रुपये द्यायला माझी ना नाही. मात्र हप्ता चुकला तर क्रेडिट कार्डाचं व्याज सावकाराला लाजवणारं असतं. उधारीची खतावणी मी आयुष्यभर लिहिली, म्हणून सांगतो.

किराण्याचं थोडक्यात. पाकिटाचा भाव बघू नकोस, किलोचा बघ. मोठं पाकीट स्वस्तच असतं हा आपला जुना समज ते चांगला ओळखून आहेत. मागच्या महिन्यात मी धुण्याची पावडर बघत होतो; एक किलो १३५ आणि चार किलो ५६०. भागून बघ. आता पाकिटांवर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापलेला असतो, पडद्यावरही पुष्कळदा बारीक अक्षरांत असतो. फ्रीज घेशील तेव्हा लेबलवरचे तारे मोजून थांबू नकोस, वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा बघ. दोन फ्रीजमध्ये ८० युनिटांचा फरक असेल आणि युनिटला ८ रुपये धरले, तर वर्षाला ६४० झाले. फ्रीज दहा वर्षं चालतो.

पाच चांदण्यांचे अभिप्राय वाचून काही कळत नाही. दोन आणि तीन चांदण्यांचे वाच, तेही अलीकडचे. ते लिहिणारा माणूस रागावलेला नसतो आणि त्याला कुणी पैसेही दिलेले नसतात. विक्रेत्याचं नाव बघ, आणि परतीच्या अटीत "पैसे परत" आहे की नुसतं "बदलून मिळेल" आहे ते बघ. दोन्हींत फार अंतर आहे.

एवढं शहाणपण सांगणारा मामा स्वतः कसा फसला, तेही ऐक. गेल्या हिवाळ्यात फोनवर जाहिरात आली, "अस्सल सोलापुरी चादर, २९९ ला एक, दोन घेतल्यास टॉवेल मोफत". सोलापूर आमच्यापासून सत्तर किलोमीटर, सोलापुरी चादर आयुष्यभर विकली. २९९ ला ती येत नाही हे मला झोपेतही ठाऊक. पण वाटलं, कुणाचा तरी माल अडकला असेल. माल घरी आल्यावरच पैसे द्यायचे होते, म्हणून धीर आला. आता गंमत बघ, पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडू देत नाहीत. उघडलं. हात लावला तिथेच कळलं. तरी मामीसमोर मान्य कसं करायचं, म्हणून कडेचा एक धागा ओढला आणि काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते, चिमटीत धरली की उडून जाते. हा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. मामीने तो मणी बोटांत फिरवून बघितला आणि एक शब्दही न बोलता आत गेली. ते फार लागलं.

मग त्या साइटवर तक्रारीला जागा शोधली. पत्ता नाही, फोन नाही, कंपनीचं नाव नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी हे सगळं साइटवर लिहिलेलं असावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. हे मी चादर घेतल्यावर वाचलं, तू घेण्याआधी वाच. ओळखीच्या ॲपवर वाद झाला आणि ते दाद देईनात, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. खात्यातून पैसे उडाले असतील तर १९३०, आणि तेही लगेच, आईला फोन करायच्या आधी. परतावा मिळायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. महाग वस्तूचं खोकं फोडताना फोनवर व्हिडिओ काढून ठेव.

एक मागणं आहे, त्यात माझा स्वार्थ धर. पंखा, गिझर असलं काही घेताना पडद्यावरचा भाव तुझ्या गल्लीतल्या दुकानदाराला दाखव. शंभर-दोनशेच्या फरकाने तो देईल, त्याचा माणूस येऊन बसवून जाईल आणि बिघडलं तर भांडायला समोर कुणीतरी असेल. नाही म्हणाला तर पायरी उतर.

सोबतच्या पार्सलात चादर पाठवतोय. सोलापूरचीच, आपल्या दुकानातली, शेवटच्या गठ्ठ्यातली. पुण्याच्या पावसात लागेल. पहिल्यांदा गार पाण्यात एकटीच धू, रंग थोडा सुटेल. चिठ्ठी काढलेली नाही, कोपऱ्यात आण्णांच्या कोडात तीन अक्षरं आहेत. दसऱ्याला येशील तेव्हा कितीची ते सांगून दाखव. तुझ्या आईला तो शब्द माहीत आहे, तिला विचारायचं नाही.

तुझा,
मामा