बेटावर जाण्यापूर्वी

प्रास्ताविक

प्रवासवर्णने ही बहुधा प्रवास संपल्यावर लिहिली जातात. प्रस्तुत पाठात मात्र प्रवासाला निघण्यापूर्वीचा विचार मांडला आहे. त्यासाठी अंदमान द्वीपसमूहातील स्वराज द्वीप या बेटाचे उदाहरण घेतले आहे. २०१८ सालापर्यंत हे बेट हॅवलॉक या नावाने ओळखले जात असे.

मूळ पाठ

दरवर्षी मे महिन्याच्या उत्तरार्धात वृत्तपत्रांत एक बातमी झळकते : मोसमी वारे अंदमानात दाखल झाले. महाराष्ट्रातील उन्हाने पोळलेला शेतकरी ती वाचून सुखावतो, कारण पाऊस आता फार दूर नाही हे त्याला कळते. परंतु मुलांच्या उन्हाळी सुट्टीचा हिशेब करून त्याच आठवड्यात अंदमानची तिकिटे काढलेल्या कुटुंबाने ती वाचली, तर त्याचा अर्थ निराळा होतो. समुद्र खवळणार, पाणी गढूळ होणार आणि बेटांदरम्यान धावणाऱ्या बोटी कोणत्याही दिवशी रद्द होऊ शकणार! दिवाळीच्या सुट्टीचीही गोष्ट काहीशी अशीच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा, ईशान्येकडून येणारा पाऊस तेथे पडतो आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचाही तो काळ असतो. म्हणजे मराठी घरांत प्रवासासाठी ज्या दोन सुट्ट्या राखून ठेवलेल्या असतात, त्या दोन्ही या बेटाला फारशा मानवत नाहीत. जानेवारीपासून एप्रिलपर्यंतचा काळ उत्तम. त्यातही नाताळची गर्दी ओसरल्यानंतरचे फेब्रुवारी-मार्च हे महिने खिशाला आणि मनालाही अधिक सोयीचे. शाळेचे चार दिवस बुडतील, हे खरे. पण आयुष्यात एकदाच घडणाऱ्या प्रवासासाठी ती किंमत जड म्हणता येणार नाही.

चेन्नई आणि कोलकाता या दोन्ही शहरांपासून अंदमान सुमारे तेराशे किलोमीटरवर आहे. विमानाने दोन-सव्वादोन तासांत पोहोचता येते. जहाजाने सुमारे तीन दिवस लागतात. प्रवासी प्रथम उतरतो तो श्री विजयपुरम येथे. २०२४ पर्यंत या शहराचे नाव पोर्ट ब्लेअर होते, त्यामुळे जुन्या पुस्तकांत आणि नकाशांत तेच आढळेल. सेल्युलर तुरुंग येथेच आहे. १९११ ते १९२१ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर येथे बंदिवान होते, म्हणून मराठी प्रवासी एक पूर्ण दिवस या वास्तूसाठी ठेवतो, आणि ते योग्यच आहे. तेथून स्वराज द्वीपला बोटीने जावे लागते. शासकीय बोट सुमारे अडीच तास घेते, खाजगी बोट दीड-दोन तास.

येथे अनेकांचा बेत फसतो. परतीच्या विमानाच्या दिवशीच सकाळच्या बोटीने बेट सोडायचे, असा कागदावर नेटका दिसणारा हिशेब केला जातो. वारा सुटला आणि बोट रद्द झाली, की विमान आपल्यासाठी थांबत नाही. नव्या तिकिटांचा भुर्दंड मात्र बसतो. म्हणून प्रवासाची शेवटची रात्र श्री विजयपुरम येथेच काढावी. हा एक मोकळा दिवस म्हणजे वाया गेलेला दिवस नव्हे.

बेटावर दिवसही आपल्या सवयीप्रमाणे चालत नाही. संपूर्ण देशाचे घड्याळ एकच असले, तरी स्वराज द्वीप मुंबईच्या सुमारे वीस अंश पूर्वेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे तेथे सूर्य मुंबईच्या मानाने साधारणपणे ऐंशी मिनिटे आधी उगवतो आणि जवळपास तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी साडेपाचच्या आतच अंधार दाटू लागतो. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ साली आशियातील सर्वोत्तम म्हणून गौरविलेली राधानगरची पुळण पश्चिमेला आहे. तिचा सूर्यास्त पाहायचा असेल, तर दुपारचे जेवण आटोपून वामकुक्षी न करता निघावे लागते!

भरती-ओहोटीचे वेळापत्रक याहून महत्त्वाचे. कोकणातील दर्यावर्दी तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ सांगतो. तो आडाखा त्या किनाऱ्यापुरता खरा. अंदमानातील वेळा भिन्न आहेत, पण त्याही दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतातच. बेटाच्या पूर्वेकडील विजयनगरच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाणी दूरवर मागे हटते आणि खडक उघडे पडतात. तेव्हा तेथे पोहता येत नाही. शिवाय त्या खडकांपैकी बरेचसे प्रवाळ असतात. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, सूक्ष्म जीवांची वसाहत. काही जातींची वाढ वर्षाला काही मिलिमीटर इतकीच होते; माणसाच्या एका पावलाखाली अनेक वर्षांची वाढ चुरडली जाते. किनाऱ्यावर पडलेला मृत प्रवाळाचा तुकडाही आठवण म्हणून घरी आणणे हा गुन्हा आहे. विमानतळावर सामान तपासताना तो सापडतो, हे वेगळे सांगायला नको.

अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. २०१० साली राधानगरजवळील खाडीत एका परदेशी महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. म्हणून खाडीच्या मुखाशी, तिवरांच्या झाडीजवळ आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये. धोक्याचे फलक व जीवरक्षकांच्या सूचना यांना ‘एवढे काय होणार’ असे म्हणून उडवून लावू नये.

या बेटांवर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरीही तेथे गोड्या पाण्याची चणचण भासते. बेट लहान, उतार तीव्र आणि साठवण अपुरी, त्यामुळे पाणी समुद्राला मिळते. आणि प्रवाशांना सर्वांत सोयीचे महिने नेमके कोरडे! निवासस्थानी पाण्याची व्यवस्था कशी आहे, हे आधीच विचारावे आणि बादलीभर पाण्यात स्नान करण्याची आपली जुनी सवय सोबत न्यावी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी येथे गावे वसवली. राधानगर, गोविंदनगर, कृष्णनगर ही नावे त्यांचीच. त्या गावांच्या विहिरीतले पाणी पाहुणाही वापरत असतो.

उरल्या काही किरकोळ बाबी. ओळखपत्र, नित्याची औषधे व थोडी रोख रक्कम जवळ असावी. २०२० साली चेन्नईहून समुद्राखालून तार टाकली गेल्यापासून दूरध्वनी व इंटरनेटची सोय बरीच सुधारली आहे. तरीही सर्वस्वी मोबाइलवर विसंबणे बरे नव्हे. खोल पाण्यात बुडी मारण्याचा खेळ करायचा असेल, तर तो प्रवासाच्या आरंभी करावा. बुडीच्या वेळी दाबामुळे रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडण्यास अवधी लागतो. त्यामुळे बुडीनंतर किमान अठरा ते चोवीस तास विमानात बसू नये. शेवटच्या रात्री श्री विजयपुरमला थांबणाऱ्या प्रवाशाला हा अवधी आपोआप मिळतो.

पाठावर आधारित प्रश्न

१. मे महिन्यातील एकाच बातमीचे दोन अर्थ पाठात कसे सांगितले आहेत?
२. भरपूर पाऊस पडूनही बेटावर पाण्याची टंचाई का भासते?
३. तुमच्या राज्यातील एखाद्या ठिकाणी पाहुणे येणार आहेत, असे समजा. त्यांनी केव्हा यावे आणि कोणती काळजी घ्यावी, हे सांगणारे पत्र लिहा.