एका चाकूची झिलई कारखाना का बदलत नाही?

खिशात बाळगावयाच्या मिटत्या चाकूच्या कारखानदाराकडे हौशी गिऱ्हाइकांची एक मागणी वारंवार येते. पाते चकचकीत आहे, ते मंद झिलईचे करून द्यावे किंवा त्यावर काळा मुलामा चढवावा. जादा पैसे देण्याची तयारी आहे. कारखानदार बहुधा नकार देतो आणि गिऱ्हाइकास तो उद्दामपणा वाटतो. वस्तुतः या नकारामागे पोलादाचे शास्त्र आहे आणि साधे अंकगणितही आहे. कार्यानुभव शिकविणाऱ्या शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी ते जाणून घेण्याजोगे आहे. कारण कारखाना जेथे नाही म्हणतो, तेथे गावच्या लोहाराचे काम सुरू होते.

पाते तयार होण्याचा क्रम प्रथम पाहू. पोलादाच्या पट्टीतून साच्याने पाती कापली जातात, खिळीसाठी भोक पाडले जाते, भट्टीत तापवून पात्यांना पाणी दिले जाते, मग घासाई, त्यानंतर झिलई, पुढे मुठीत जोडणी आणि अखेरीस धार. झिलई ही वरवरची सजावट दिसली तरी तिचे स्थान या साखळीच्या शेवटी नसून मध्ये आहे. जोडलेल्या चाकूची झिलई बदलावयाची तर खिळी काढून तो उलगडावा लागतो. घासून पाते किंचित पातळ होते, मुलाम्याने किंचित जाड होते. आणि मिटत्या चाकूत मूठ व पाते यांच्यामधील फट केसाएवढी असल्याने त्या किंचित फरकानेही पाते डुगडुगते वा अडकते.

याहून नाजूक प्रश्न उष्णतेचा आहे. स्वित्झर्लंडमधील इबाख येथे कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे व्हिक्टोरिनॉक्स या नावाने विख्यात झालेल्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. तेथील चाकूंची न गंजणाऱ्या पोलादाची पाती सुमारे १०४० अंश सेल्सिअसला तापवून कठीण केली जातात आणि नंतर सुमारे १६० अंशांची मंद ऊब देऊन त्यांचा ठिसूळपणा घालविला जातो. आता कोणी असे तयार पाते फिरत्या चाकावर जोराने घासले, तर पातळ धारेपाशी हा १६० अंशांचा आकडा क्षणार्धात ओलांडला जातो. साध्या पोलादावर तेव्हा प्रथम गवती पिवळी व सुमारे ३०० अंशांना निळी छटा उमटते. आपले लोहार अशा पात्याचे ‘पाणी उतरले’ म्हणतात. झिलई सुरेख होते, पण धार टिकत नाही.

शिवाय झिलईचा गंजाशी संबंध आहे. वाळूच्या माऱ्याने खरखरीत केलेल्या पृष्ठभागावर ओल धरून राहते आणि न गंजणारे म्हणविले जाणारे पोलादही त्यामुळे लवकर डागाळते. असा चाकू वर्षभराने तक्रारीसह परत आला, तर दोष गिऱ्हाइकाच्या हौसेचा की कारखान्याचा? हमी देणाऱ्यास हा वाद परवडत नाही.

अंकगणित तर शाळेच्या फळ्यावर मांडता येईल. समजा, झिलईचे यंत्र एका प्रकारावरून दुसऱ्या प्रकारावर आणण्यास, म्हणजे चाके बदलणे, पिंप धुणे, नमुना तपासणे यांस, ६०० रुपये खर्च येतो. एक हजार चाकूंवर वाटला तर तो प्रत्येकी ६० पैसे पडतो. एकाच चाकूसाठी केला तर ६०० रुपये. तितका वेळ उरलेली पाती खोळंबतात ती वेगळीच. मात्र मुठीवर नाव कोरून देण्यास हाच कारखानदार आनंदाने तयार होतो, कारण ते काम सर्वांत शेवटी आणि पोलादास धक्का न लावता होते.

वैविध्य शेवटी ठेवता आले की ते परवडते, याचा दाखला यवतमाळ शहरालगतच्या लोहाऱ्यात मिळतो. तेथील औद्योगिक क्षेत्रात डेनिम कापडाचे उत्पादन होते. एकाच निळ्या कापडाच्या विजारी शिवून झाल्यावर धुलाईच्या निरनिराळ्या रीतींनी कोणी गडद, कोणी फिकी, कोणी जुनाट दिसणारी करता येते. मागासाठी मात्र सारे कापड एकच असते. चाकूच्या कारखानदारास ही सोय नाही.

ती आहे लोहाऱ्याच्या नावात ज्याचा व्यवसाय वसला आहे त्या लोहाराला. भाता, ऐरण, पाणी, कानस असा सारा क्रम एकाच माणसाच्या हाती असल्याने तो कोणत्याही टप्प्यावर थांबून गिऱ्हाइकाचे ऐकू शकतो. कापसाच्या या मुलखात वखराची पास पाजविताना काळी भारी जमीन आणि बरड यांतला फरक त्याला सांगावा लागत नाही. डावऱ्या मजुराचा विळाही तोच करून देतो. उणीव आहे ती एकसारखेपणाची. तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्यांनी पारखून तो पाणी देतो, त्यामुळे दोन पाती तंतोतंत सारखी उतरत नाहीत. उत्तम लोहाराची उतरतात, हे खरे. पण असे हात कमी होत आहेत.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकाम आहे, तसेच हातोडा व अवजारे बनविण्याचे कामही आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने विनातारण कर्ज, पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत, अशी तिची तरतूद आहे. अर्जदार खरोखर हाताने हे काम करतो काय, याची पहिली पडताळणी ग्रामीण भागात ग्रामपंचायतीकडे असते. अर्ज जिल्हा समितीपुढे जातो तो त्यानंतरच.