मान खाली घालून चालत नाही

सांगली, मग हिंजवडी, मग बर्लिन असा माझा रस्ता. हल्ली पुण्यातली मुलंमुली फोन करून विचारतात, "ताई, बाहेर जायचंय तर काय शिकू? जावा की गो?" दोन्ही चालतात. गाडी अडते ती दुसरीकडेच. 'आपण बरं, आपलं काम बरं' हे घरातून मिळालेलं वळण सज्जनाचं खरंच, पण परदेशात करिअर करताना तेच आडवं येतं. मला जे कळलं ते जमेल तसं सांगते.

१. बोलला नाहीत, तर तुम्हाला मतच नाही असं धरतात.
आपल्याकडच्या सर्व्हिस कंपनीत क्लायंटशी बोलायचं काम ऑनसाइटवाल्याचं. बाकीच्यांनी टिकेट घ्यायचं, संपवायचं. इथे डिझाइन रिव्ह्यूला बसलेला प्रत्येक जण बोलणार हे गृहीत असतं. नुकताच युनिव्हर्सिटीतून आलेला पोरगा आर्किटेक्टला "हे टेबल चुकलंय" म्हणतो, आणि आर्किटेक्ट "का?" म्हणून खुर्ची पुढे ओढतो. कुणाचा अपमान होत नाही. माझ्या कोडवर एका सहकाऱ्याने लिहिलं, "ही क्यू कशाला हवी?" हिंजवडीत असते तर ती निमूट काढून टाकली असती. त्याला मात्र खरोखर कारण हवं होतं. पेमेंट गेटवे मधूनच काही सेकंद गप्प बसतो आणि तेवढ्यात ऑर्डर हरवते, असं सांगितल्यावर "मग राहू दे" म्हणून तो मोकळा झाला.

तारखांचंही तेच. "शुक्रवारी होईल ना?" याला आपण मान डोलावतो, मनात रात्र जागायची तयारी ठेवून. इथला मॅनेजर तुमच्या भरवशावर पुढच्या टीमला तारीख देऊन टाकतो. बुधवारी "होणार नाही" म्हणालात तर तो कामाची यादी छाटतो. शुक्रवारी संध्याकाळी म्हणालात तर मात्र चिडतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

२. लिहिता आलं पाहिजे.
बर्लिनचा दिवस संपतो तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचा सुरू होतो, नऊ तासांचा फरक. पुणं आमच्या उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. प्रश्न नीट लिहिला नाही की अख्खा दिवस गेला. "पेमेंट चालत नाहीये, प्लीज चेक" असा मेसेज टाकला की दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, "कोणत्या सर्व्हरवर?" काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणतं व्हर्जन, लॉगमधली नेमकी ओळ, एवढं असलं की सकाळी उठेपर्यंत उत्तर हजर. शाळेत निबंधाला कंटाळणाऱ्यांनी हा मुद्दा दोनदा वाचावा.

३. सगळं जग भारतीय वेळेवर चालत नाही.
हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. भारतात घड्याळ वर्षभर एकच असल्यामुळे आपल्या लॅपटॉपवर या भानगडी दिसतच नाहीत. मध्य युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनचे दोन वाजवतात. म्हणजे जर्मनीत त्या रात्री अडीच दोनदा वाजतात, आणि रोज अडीचला बिलं पाठवणारा साधासुधा प्रोग्रॅम ती दोनदा पाठवू शकतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी उलट, अडीच वाजतच नाहीत. अमेरिकेच्या तारखा पुन्हा वेगळ्या, मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. मधल्या दिवसांत न्यूयॉर्कबरोबरची मीटिंग तासाभराने सरकते आणि दरवर्षी कुणीतरी चुकतंच. होऊन गेलेल्या व्यवहाराची वेळ यूटीसीत साठवा. पुढच्या अपॉइंटमेंटला मात्र स्थानिक वेळ आणि सोबत टाइमझोनचं नाव ठेवा, कारण मधल्या काळात सरकार नियम बदलू शकतं. आकड्यांचं तसंच. आपण १,२३,४५६.५० लिहितो, जर्मन माणूस १२३.४५६,५० लिहितो. टिंब आणि स्वल्पविरामाची अदलाबदल झाली की हिशेबाचे बारा वाजतात. मुलाखतीत हे दोन-तीन प्रश्न तुम्हीच काढलेत तर समोरचा सावरून बसतो. हा माणूस जगासाठी सॉफ्टवेअर लिहू शकेल, हे त्याला कळतं.

४. देश निवडताना मित्राचे फोटो नको, नियम बघा.
अमेरिकेत एच-वन-बीचा वार्षिक कोटा ६५,००० आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज जास्त आले की लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. जर्मनीत ब्लू कार्डवर २७ महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, बी-वन पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीत डिग्रीची अटही सैल झाली. गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा अनुभव आणि ठरलेला पगार असला की चालतं. जर्मनीतच या असं माझं म्हणणं नाही. इथल्या थंडीत आणि रविवारी बंद असलेल्या दुकानांत सगळ्यांचं मन रमत नाही.

५. पगाराला रुपयांनी गुणू नका.
जर्मनीत एकट्या माणसाच्या पगारातून कर, आरोग्यविमा, पेन्शन, बेकारीविमा असं मिळून ढोबळमानाने ४० टक्क्यांपर्यंत जातं. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. हातात येणारा आकडा विचारा, मग पेढे वाटा.

६. भाषा पुण्यातच शिकून या.
ऑफिस इंग्रजीत चालतं. डॉक्टर, बालवाडी आणि घरमालकाचं पत्र चालत नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. इथे येऊन नोकरी सांभाळत संध्याकाळी क्लास करणं फार दमवतं.

७. प्रोबेशन गंभीरपणे घ्या.
ते सहसा सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. व्हिसा नोकरीला बांधलेला, म्हणून घोर मोठा. दुसऱ्याच महिन्यात मॅनेजरला सरळ विचारा, "माझं काय कमी पडतंय?" आपल्याकडे अप्रेझलची वाट बघतात; इथे विचारणाऱ्याबद्दल बरं मत होतं.

८. नाव आधी तपासा.
परदेशात कोडपेक्षा कागद जास्त तपासतात, आणि मराठी माणसाचा घोळ ठरलेला. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या माझ्यासारख्या बायकांची तर तीन कागदांवर तीन नावं. तिथल्या कारकुनाला ही पद्धत ठाऊक नसते. तो अक्षराला अक्षर लावतो आणि जुळलं नाही की फाइल बाजूला ठेवतो. युनिव्हर्सिटीला मान्यता आहे का हेही जर्मनीच्या अनाबिन यादीत आधीच पाहता येतं. राजपत्रात नाव छापून घेणं, पासपोर्ट दुरुस्त करणं, याला वेळ लागतो, आणि ऑफर हातात आल्यावर तेवढा वेळ उरत नाही. येत्या रविवारी पासपोर्ट, दहावीची मार्कशीट आणि डिग्री शेजारी शेजारी ठेवून एकदा नीट ताडून बघाच.