मृदू भिंगांची छायाचित्रे

माळव्यातील मराठी घरांच्या भिंतींवर जुनी छायाचित्रे अद्यापि टांगलेली दिसतात. त्यांतील एखाद्या चित्रात डोळ्यांच्या पापण्या रेखीव असतात, पण पांढऱ्या पागोट्याभोवती, नथीच्या मोत्याभोवती, चंद्राला खळे पडावे तशी पुसट प्रभा पसरलेली असते. कागद जीर्ण झाला म्हणून चित्र विटले, असे आपण समजतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु क्वचित ही प्रभा मूळच्या भिंगाचीच करणी असते.

ही करणी समजून घेण्यास विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. मोठे बहिर्गोल भिंग घेऊन खिडकीचे चित्र समोरच्या भिंतीवर पाडावे. मग भिंगाच्या मध्यावर काळ्या कागदाची चकती लावावी. चित्र स्पष्ट दिसण्यास भिंग भिंतीच्या अधिक जवळ न्यावे लागेल. आता चकती काढून केवळ कडा झाकावी. भिंग थोडे दूर धरावे लागेल. कडेचे किरण आधी मिळतात, मधले नंतर. या दोषास गोलीय विपथन म्हणतात. चांगल्या भिंगात तो जवळजवळ नाहीसा केलेला असतो. मृदू भिंगात कारागीर तो जाणूनबुजून राखतो. त्यामुळे एका रेखीव चित्रावर दुसरे फिकट, पसरट चित्र पडते. भिंग चुकीच्या अंतरावर राहून आलेला धूसरपणा निराळा; त्यात रेखीव चित्र मुळी नसतेच.

डालमायर या लंडनच्या भिंगकाराने १८६६ मध्ये असे भिंग काढले, की ज्याचा मागील भाग फिरवून मृदुता हवी तेवढी वाढविता येई. पुढे अमेरिकेत वोलेनसाक कंपनीचे ‘व्हेरिटो’ आणि जर्मनीत १९३० च्या सुमारास रोडेनस्टॉकचे ‘इमॅगॉन’ निघाले. इमॅगॉनपुढे भोकाभोकांची चकती बसवीत. ती पाहून आपणांस पुरणाच्या चाळणीची आठवण व्हावी! जूलिया मार्गारेट कॅमेरन या बाईंचे नाव येथे नेहमी निघते. त्या १८१५ मध्ये कलकत्त्यास जन्मल्या आणि १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांच्या हाती कॅमेरा आला. त्यांच्या चित्रांतील मृदुता मात्र बरीचशी हाताची होती, खास भिंगाची नव्हे. चित्र डोळ्यांस सुंदर वाटले की त्या तेथेच थांबत, अधिक रेखीव करण्याच्या भरीस पडत नसत.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. इंदुरास बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्या लाला दीनदयाळांनी १८७४ च्या सुमारास छायाचित्रणास आरंभ केला. मध्य भारतातील वास्तूंची त्यांची चित्रे अशी, की दगडावरील नक्षी मोजून घ्यावी. तेथे मृदू भिंग काय कामाचे? देवळाच्या शिखरास प्रभा नको, माप हवे.

मृदू भिंग शोभते ते मोठ्या काचेच्या कॅमेऱ्यावर. तेथे कागद काचेस चिकटवून त्याच आकाराचे चित्र उतरवीत. छोट्या फिल्मचे चित्र दहापट वाढविले, तर प्रभाही दहापट फुगते. वापरताना छिद्राकडे लक्ष हवे. व्हेरिटो एफ ४ वर पूर्ण उघडे असता चेहरा दुधात बुडाल्यासारखा होतो, एफ ८ वर बहुतेक रेखीव. आमच्या मते मुखचित्रास या दोहोंमधील जागा उत्तम. छिद्र बदलले की स्पष्टतेची जागाही सरकते; म्हणून ज्या छिद्राने चित्र घ्यावयाचे त्याच छिद्राने, काळ्या फडक्याखाली, घाशीव काचेवर पुन्हा जुळवून घ्यावे. शिवाय प्रकाश एका बाजूचा हवा. उजळ भागाला लागून अंधार नसेल तर प्रभा दिसावी कोठे? ढगाळ दिवशी अंगणात घेतलेले असे चित्र नुसते मळकट दिसते.

कोणाच्या माळ्यावर अशी पितळी नळी सापडल्यास ती मोडीत घालू नये, आणि चिंच लावून घासूही नये. आंबटाने पितळेवरील लाखेचा थर जातो, आणि तिच्यावर कोरलेले कारागिराचे नाव व क्रमांक घासणीने पुसट होतात. भिंग केव्हाचे, याचा माग बहुधा त्या क्रमांकावरूनच लागतो.